विजेने तापणारी खिडकीची काच: कुणी घरात बसवली आहे का?

सांगलीचीहळद | ८ सप्टेंबर, रात्री ९:४०

मंडळी, गेल्या वर्षी आम्ही फिनलंडमध्ये एस्पोला घर घेतलं. १९७१ चं, बसकं, एकमजली. बैठकीच्या खोलीला बागेच्या बाजूला जमिनीपासून वरपर्यंत काच, एकूण ८ चौरस मीटर. घर बघायला गेलो जूनमध्ये. रात्री साडेदहाला सोफ्यावर ऊन पडलेलं, बाहेर बर्चची झाडं. नवरा म्हणाला, बास, हेच. या देशात जूनमध्ये घर पसंत करू नये, हे आता कळलंय.

जानेवारीत आई आली. तिलाही तीच खिडकी आवडली. सकाळी चहा घेऊन झाडांवरच्या खारी बघत बसायची. दोन दिवसांनी सुरू झालं, "खिडकी नीट लाव गं, वारं येतंय." खिडकी लावलेलीच होती. मी रबर बदलले, इथल्या पद्धतीप्रमाणे फटींवर कागदी टेप चिकटवली. तरी तिचे पाय गार. शेवटी तिनेच देवापुढची उदबत्ती आणून काचेजवळ धरली. धूर वर जायच्या ऐवजी काचेला चिकटून पाण्यासारखा खाली उतरला आणि जमिनीवरून सोफ्याकडे सरकत गेला! आम्ही दोघी बघतच राहिलो.

आता शेजारणीकडून कळलं की विजेवर तापणारी काच मिळते. दिसायला साधीच, तारा-बिरा काही दिसत नाहीत. एका ठिकाणी चौकशी केली, तर विक्रेता म्हणाला की रेडिएटर काढून टाका, काचेवरच खोली तापेल. सध्या आमच्याकडे थेट विजेचे रेडिएटर आणि एक हवेवरचा हीट पंप (आई त्याला उलटा एसी म्हणते) आहे. खरंच काचेवर खोली तापते का? बिलाचं काय? आणि सहा वर्षांचा मुलगा दिवसभर काचेला नाक लावून उभा असतो, त्याला काही धोका? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निवांत | ८ सप्टेंबर, रात्री १०:०२

आमच्याकडे हडपसरला एप्रिलमध्ये खिडकीच्या काचा फुकट तापतात. एक्स्पोर्ट करू का? हलके घ्या.

उणेतीस | ८ सप्टेंबर, रात्री ११:१५

हळदताई, मी फिनलंडमध्येच, ओउलूत राहतो. इमारतींच्या हीटिंग-व्हेंटिलेशनचं काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आईंचं निदान बरोबर आहे. फक्त ते वारं बाहेरून येत नाहीये, तुमच्या खोलीतच तयार होतंय. खोलीतली हवा गार काचेला टेकली की गार होते, जड होते आणि काचेवरून खाली घसरते. उदबत्तीने तेच दाखवलं. इथल्या घरांत रेडिएटर नेहमी खिडकीखाली का असतो? त्याची वर चढणारी ऊब या घसरणाऱ्या हवेला अडवते म्हणून. तुमची काच जमिनीपर्यंत आहे, म्हणजे तिच्याखाली रेडिएटरला जागाच नसणार. शिवाय गार काचेसमोर बसलं की अंगातली उष्णता तिच्याकडे जाते. खोलीत २१ अंश असले तरी त्या बाजूचा गाल गार पडतो.

१९७१ म्हणजे तेलसंकटाच्या आधीचं बांधकाम. तेव्हा दोन साध्या काचा लावायचे. यू-व्हॅल्यू २.८ धरा, म्हणजे आतबाहेर एका अंशाचा फरक असला की एका चौरस मीटरमधून २.८ वॉट बाहेर. बाहेर उणे २० आणि आत २१ असताना अशा काचेचा आतला पृष्ठभाग ६ अंशांवर येतो. आजची यू १.० ची तिहेरी काच त्याच थंडीत साधारण १५-१६ वर थांबते. एकेरी काच असती तर उणे १०, म्हणजे आतून बर्फच.

आता विजेची काच. तापणारा लेप सगळ्यात आतल्या काचेवर, काचांमधल्या पोकळीकडच्या अंगाला असतो. तिथली उष्णता आतही जाते आणि बाहेरही. बाहेर किती जाते त्याचं ढोबळ गणित सोपं आहे: यू-व्हॅल्यू गुणिले ०.१३. (०.१३ हा काचेच्या आतल्या बाजूला चिकटून असणाऱ्या हवेचा रोध.) पूर्ण खिडकीचा यू १.० असेल तर १३ टक्के वीज अंगणात. २.८ असेल तर ३६ टक्के. आणि एकेरी काचेला कुणी हीटर लावला तर ७५ टक्के. म्हणजे फुटक्या रांजणात पाणी.

तेव्हा तापणारी काच घ्यायची झालीच तर तिच्या बाहेरच्या अंगाला चांगली इन्सुलेटेड काच आणि पोकळीत आर्गॉन वायू असलाच पाहिजे. विक्रेत्याला पहिला प्रश्न यू-व्हॅल्यूचा विचारा. तो किती अंशांपर्यंत तापते हे सांगायला लागला तर दुसरं दुकान बघा.

वायरमन_के | ९ सप्टेंबर, सकाळी ७:२०

राम राम. मी कोल्हापूरचा, कोल्ड रूम आणि फ्रीझरची कामं करतो. ही काच तुम्ही सगळ्यांनी बघितलीय, पण ध्यानात आली नसंल. मॉलमध्ये आइस्क्रीमचा उभा फ्रीझर असतो ना, काचेच्या दाराचा? आत उणे २०, बाहेर पावसाळ्यातली दमट हवा, तरी दारावर घाम धरत नाही. कारण काचेतच हीटर आहे. दार धुरकट झालं, पाणी गळायला लागलं की गिऱ्हाईक म्हणतं गॅस संपला. गॅस कुठला संपतोय, दाराचा हीटर गेलेला असतोय.

दहातल्या सात वेळा वायर बिजागरीपाशी तुटलेली. उघडझाप, उघडझाप, वायर किती सोसणार? म्हणून ताई, घ्यायचीच तर जी काच उघडत नाही तीच तापणारी घ्या. उघडणाऱ्या झडपेला साधी लावा. आणि काचेच्या आत वीज पोचवणाऱ्या पट्टीचा टाका सुटला तर तो दुरुस्त होत नाही, सबंध काच बदलायची. हे कुठला सेल्समन सांगत नाही.

काचपात्र | ९ सप्टेंबर, दुपारी १:०५

वायरमनदादा +१.

मी काच प्रोसेसिंगमध्ये आहे, त्यामुळे तारा का दिसत नाहीत एवढंच सांगतो. काचेची पट्टी भट्टीतून येत असताना, चांगली ६०० अंशांच्या वर गरम असतानाच, तिच्यावर कथिलाच्या ऑक्साइडचा पातळ लेप चढवतात आणि त्यात किंचित फ्लोरीन मिसळतात. कथील म्हणजे तेच, ज्याने भांड्यांना कल्हई करतात. पारदर्शक कल्हई म्हणा. जाडी मायक्रॉनहूनही कमी, म्हणून नजरेला काही कळत नाही, पण वीज वाहते. काचेच्या दोन समोरासमोरच्या कडांना चांदीची किंवा तांब्याची पट्टी (बसबार) असते, ती चौकटीत लपते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या पुढच्या काचांवर बर्फ धरू नये म्हणून अशा काचा वापरात आल्या. घरात यायला नंतर बराच वेळ लागला.

एक मजा सांगतो. या लेपाचा रोध 'प्रति चौकोन' मोजतात. चारी बाजू सारख्या असलेला चौकोन, मग तो रुमालाएवढा असो की सतरंजीएवढा, समोरासमोरच्या कडांमधला रोध तेवढाच. पिल्किंग्टनची टेक १५ नावाची काच आहे, तिचा सुमारे १५ ओहम. आता १ मीटर बाय १ मीटरच्या तुकड्याला थेट २३० व्होल्ट लावा: २३० गुणिले २३० भागिले १५, म्हणजे साडेतीन हजार वॉट! घरातल्या खिडकीला चौरस मीटरमागे ५० ते ३०० वॉट पुरतात. म्हणून मध्ये व्होल्टेज उतरवणारा कंट्रोलर आणि काचेवर तापमानाचा सेन्सर लागतो. स्वस्तातला कंट्रोलर घेऊ नका.

काच टफन (तापवून झटकन गार करून कडक) केलेली असते, म्हणजे नंतर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. माप एक सेंटिमीटरने चुकलं तर काच भंगारात. माप घ्यायला येणारा माणूस बसवणाऱ्यांचाच असू द्या. चुकलं तर निदान निस्तरेल तोच.

लोणच्याचीबरणी | ९ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

रुमाल आणि सतरंजीचं कळलं नाही पण आवडलं. वाचखूण साठवली.

सांगलीचीहळद | ९ सप्टेंबर, रात्री १०:५०

केवढं छान लिहिलंय सगळ्यांनी! आई व्हिडिओ कॉलवर होती, तिला उणेतीस यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाली, "बघ, मी सांगत होते वारं येतंय."

उणेतीस, तुमचं गणित मी पुढे नेलं, तपासाल का? समजा मी यू १.० ची तापणारी काच घेतली आणि ती फक्त २१ अंशांवर ठेवली, खोलीइतकीच. म्हणजे काच गारही नाही, गरमही नाही. बाहेर उणे २० असताना त्यासाठी मला चौरस मीटरला ४७ वॉट लागतात. हीच काच न तापवता ठेवली असती तर तिच्यातून ४१ वॉट तसेही बाहेर गेलेच असते. म्हणजे जास्तीचे फक्त ६! आठ चौरस मीटरला ४८ वॉट, दिवसाला सव्वा युनिटसुद्धा नाही. १५ सेंटने धरलं तर १७-१८ सेंट. आईचे पाय गरम राहायला एवढंच? मी काहीतरी चुकतेय का?

उणेतीस | १० सप्टेंबर, सकाळी ८:१०

आकडेमोड अगदी बरोबर. पण उष्णता कुठून घेताय ते विसरलात.

न तापवलेल्या काचेतून जाणारे ४१ वॉट कोण भरून काढतं? तुमचा उलटा एसी. तो उणे २० लाही एका युनिटात साधारण दोन युनिट उष्णता देतो, थंडी कमी असताना तीनही. काच मात्र एका युनिटात एकच देते. म्हणजे साधी काच: ८ चौरस मीटरमधून ३२८ वॉट बाहेर, त्यासाठी पंपाची वीज १६४ वॉट. तापणारी काच: सरळ ३७६ वॉट. फरक २१२ वॉट, दिवसाला ५ युनिट, ७५ सेंटच्या आसपास. घरात पंप नसता, नुसते रेडिएटर असते, तर तुमचे १७ सेंट खरे.

७५ सेंट म्हणजे काही दिवाळं नाही, आणि उणे २० एस्पोला हिवाळ्यात मोजकेच दिवस. पण "रेडिएटर काढा, काचेवर खोली तापवा" हे ऐकू नका. तसं करायला काच ३०-३५ अंशांवर न्यावी लागते, तेव्हा चौरस मीटरला सव्वाशे-दीडशे वॉटच्या पुढे. आणि पंप नुसता बसून राहील.

अजून एक. रात्री जाड पडदा ओढलात की काच आणि खोली यांच्यात गोधडी आली. मग उष्णता आत यायला अडते आणि बाहेर जाणारा वाटा वाढतो. तापणाऱ्या काचेपुढे पडदा ओढला की ती बंद करायची किंवा कमी करायची. सोफ्याची पाठही तिला टेकवू नका.

स्पॉटवाला | १० सप्टेंबर, सकाळी ९:००

वीज स्पॉट दराने (बाजारभावाप्रमाणे सतत बदलणाऱ्या) घेता की बांधलेल्या दराने? मी व्हान्तात राहतो, स्पॉट. ५ जानेवारी २०२४ विसरलेलो नाही. संध्याकाळी ७ ते ८ चा भाव करासकट युनिटला २ युरो ३५ सेंट. लॅपलँडमध्ये एनोंतेकिओला त्या दिवशी उणे ४४.३. आम्ही दिवे मालवून, लाकडं पेटवून, सोलकढी गरम करून पीत बसलो होतो (सोलकढी गरम करू नये, फाटते).

मुद्दा हा की जमिनीखालचं हीटिंग असेल तर रात्री स्वस्तात काँक्रीट तापवून ठेवता येतं, ते दिवसभर ऊब सोडतं. काच काही साठवत नाही. बटण दाबलं की थोड्या वेळात गरम, बंद केलं की तितक्याच लवकर गार. तुम्ही खिडकीपाशी बसणार संध्याकाळीच, आणि भावही चढणार संध्याकाळीच.

टोरांटोकर_जुना | १० सप्टेंबर, संध्याकाळी ५:४५

एवढं कशाला? आमच्याकडे नोव्हेंबरात दुकानांत प्लास्टिकचा पातळ पडदा मिळतो. चौकटीला दुहेरी टेप लावायची, प्लास्टिक ताणून चिकटवायचं आणि वरून हेअर ड्रायर फिरवायचा. सुरकुत्या जाऊन काचेसारखं सपाट होतं. मध्ये हवेचा आणखी एक थर मिळतो. वीस वर्षं भाड्याच्या घरांत हेच केलं. बायको म्हणते घर पार्सलसारखं दिसतं. दिसू दे.

सांगलीचीहळद | १० सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

काका, ८ चौरस मीटरला प्लास्टिक चिकटवलं तर माझा मुलगा पहिल्याच दिवशी त्यातून बोट आरपार घालेल. पण या हिवाळ्यात काम झालं नाही तर करून बघते.

पाचवामजला | १० सप्टेंबर, रात्री ८:२०

मी हेलसिंकीत फ्लॅटमध्ये. माझीही खिडकी गार. मी लावू शकतो का?

उणेतीस | १० सप्टेंबर, रात्री ८:४०

आधी सोसायटीचे नियम बघा. इथे खिडक्या बहुतेक ठिकाणी हाउसिंग कंपनीच्या जबाबदारीत येतात, परस्पर बदलता येत नाहीत. तुमच्याकडे डिस्ट्रिक्ट हीटिंग (शहरभर नळांतून येणारं गरम पाणी) असणार, त्याचे पैसे मेंटेनन्समध्येच जातात. म्हणजे वरून स्वतःच्या मीटरची वीज जाळून तुम्ही सोसायटीचं हीटिंग बिल कमी करणार. पुण्य लागेल. त्यापेक्षा खिडकीखालच्या रेडिएटरवर पडदा लोंबत असेल तर तो आखूड करा.

पाचवामजला | १० सप्टेंबर, रात्री ८:४४

पडदा लोंबतोय. :(

हिमशिखर | ११ सप्टेंबर, सकाळी १०:३०

धागा हायजॅक करायचा नाही, पण लेहजवळ मित्राबरोबर होमस्टे करतोय. तिथेही उणे २० होतं. ही काच तिकडे चालेल?

काचपात्र | ११ सप्टेंबर, दुपारी १२:१५

लेहला हिवाळ्यातही दिवसा लख्ख ऊन असतं. फिनलंडच्या डिसेंबरात तेच नसतं. दक्षिणेला मोठी दुहेरी काच, आत काळी जाड भिंत, दिवसा ती तापवायची, रात्री तिची ऊब वापरायची. लडाखमध्ये फे नावाच्या गावी सेकमोल संस्थेची शाळा आहे ती बघून या, मातीच्या भिंती आणि सूर्यावरच चालते. वीज गेली तर तापणारी काच म्हणजे नुसती काच. त्यातून सध्या तुमच्या डोक्यात ॲल्युमिनियमची सरकती एकेरी खिडकी असेल तर वर उणेतीस यांचे ७५ टक्के आठवा.

हिमशिखर | ११ सप्टेंबर, दुपारी १२:४०

अगदी तीच होती डोक्यात. धन्यवाद, कोटेशन रद्द करतो.

निवांत | ११ सप्टेंबर, दुपारी १:००

या धाग्याने एका दिवसात दोन धंदे बुडवले.

वायरमन_के | ११ सप्टेंबर, रात्री ९:१५

पोराचं राहिलं. काच २१ ते ३० वर असली तर अंगापेक्षा गारच, भाजत नाही. तरी सर्किटला ३० मिलीअँपियरचा गळती ब्रेकर पाहिजेच. टफन काच फुटली तर बारीक दाणे होतात आणि लेपाची वाट तिथंच तुटते, पण कड्याच्या पट्ट्यांत करंट राहू शकतो. ब्रेकर असला तरी हात लावू नका, आधी मेन पाडा. आणि तिकडं वायरिंग स्वतः करू नका, लायसनवाला बोलवा. इथं आमच्याकडं कुणीपण खांबावर चढतंय, ते सोडा.

सांगलीचीहळद | २८ सप्टेंबर, रात्री ९:३०

निर्णय झाला, सांगायला आले.

दोन कोटेशनं घेतली. सगळी ८ चौरस मीटर तापणारी काच घ्यायची तर साध्या तिहेरीच्या तिपटीच्या जवळ. तेवढे पैसे नाहीत. मग उणेतीस यांच्या सूत्राने नुसतं इन्सुलेशनचं गणित केलं: २.८ वरून ०.८ वर आले तर ८ चौरस मीटरला वर्षाकाठी उष्णतेची १,४००-१,५०० युनिटं वाचतात (इथले डिग्री-डे, म्हणजे वर्षभराच्या थंडीची अंश गुणिले दिवस अशी बेरीज, चार हजारांच्या जरा खाली धरून). आणि ०.८ च्या काचेचा आतला पृष्ठभाग उणे २० लाही साधारण १७ अंशांवर. सहावरून सतरा! विजेशिवाय.

म्हणून सगळीकडे साधी तिहेरी, आर्गॉनवाली. फक्त आई जिथे बसते त्या कोपऱ्यातला एकच उभा तुकडा, दीड चौरस मीटर, तापणारा. हे गणितात बसत नाही, मला माहीत आहे. उणेतीस, रागावू नका.

उणेतीस | २८ सप्टेंबर, रात्री ९:५०

रागावत नाही. दीड चौरस मीटर म्हणजे ७० वॉट, जुन्या बल्बएवढं. आईंच्या खुर्चीशेजारी एक बल्ब चालेल की.

सांगलीचीहळद | १७ जानेवारी, दुपारी ४:२०

धागा वर काढतेय. ऑक्टोबरअखेर काचा बसल्या. एक चौकट वाकडी निघाली, ती परत घेऊन गेले आणि तीन आठवडे प्लायवूड लावून बसलो. टोरांटोकर काकांची आठवण आली. तापणारी काच मात्र पहिल्या दिवशीच नीट चालली.

आई गेल्या आठवड्यात आली. आज बाहेर उणे १९. सकाळी अंघोळ झाल्याबरोबर तिने आधी उदबत्ती मागितली. साध्या काचेपाशी धूर अजूनही खाली उतरतो, पण इतका सावकाश की गुडघ्यापर्यंत येईतो विरतो. तापणाऱ्या तुकड्यापाशी सरळ वर गेला. आईने काचेला तळवा लावून बघितला आणि म्हणाली, "ही काही गरम नाही. फसवलं तुला." मी म्हटलं, गरम नसणंच अपेक्षित आहे, २२ वर ठेवलीय. पटलं नाही. पण खुर्ची तिथेच आहे आणि पायात मोजे नाहीत.

आता नवीन तक्रार: त्या खिडकीपाशी बसलं की फोनला रेंज येत नाही. सांगलीहून मावशीचा फोन आला की उठून न्हाणीघरात जावं लागतं.

काचपात्र | १७ जानेवारी, संध्याकाळी ५:०५

तसलीच कल्हई. उष्णता अडवणारा धातूचा लेप मोबाईलच्या लहरीही अडवतो. तुम्ही तिन्ही काचांत मिळून दोन-तीन लेप बसवलेत, रेंज कुठून येणार? न्हाणीघराची खिडकी जुनी ठेवलीत ना?

सांगलीचीहळद | १७ जानेवारी, संध्याकाळी ५:१२

हो, पैसे संपले म्हणून.

पाचवामजला | १७ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून द्या आईंना.